द्वारका चौकात अडकलेलं चौदावं प्रकरण

नऊ महिने झाले,
कौतिक आहेर द्वारकेच्या चौकात उभा आहे.
हातात तीन खणांचा डबा,
झाकणावर वहिनीचं नाव कोरलेलं.
त्याला पंचवटीत जायचंय, सख्ख्या भावाकडे,
अकरा वर्षांनी,
आणि मला काही त्याला रस्ता ओलांडून देता येत नाही.

तसा हा चौक कुणालाच ओलांडता येत नाही,
नाशिककराला हे सांगायला नको.
धुळ्याकडून ट्रक, पुण्याकडून एसटी,
मधूनच उलटी घुसणारी रिक्षा.
पण माझी अडचण वाहतुकीची नाही.
त्याला तिथवर आणला मीच, आणि आता
मलाच त्याची दया येते.
दया आली की वाक्य लांबतं.

बत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये ताव तपासले.
शाई पसरलीय का, आकडा सरकलाय का,
चुकला की बाजूला.
बरोबर निघालेला एकही ताव आज आठवत नाही.
चुकलेला मात्र रात्री ताटात दिसायचा,
भाकरीच्या जागी.
निवृत्त झाले तेव्हा कादंबरीबद्दल
मला एवढंच ठाऊक होतं.

पहिल्या खर्ड्यात कौतिक फार शहाणा होता.
सातपूरची पाळी सुटली की सरळ घर,
कुणाला उलट बोलणं नाही.
पगारे बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुसला,
म्हणाल्या, "माणूस चांगलाय हो. पण खोटं कधी बोलतो?"
मी रागावून जेलरोडला परत आले.
दोन दिवस वहीला हात लावला नाही.
तिसऱ्या दिवशी तो वहिनीला म्हणाला,
डबा हरवला.
डबा त्याच्याच पलंगाखाली होता.
तिथून साठ पानं आपोआप झाली...
आपोआप कसली!
साठ पानं झाली, इतकंच.

अकरा वर्षं एका ओळीत बसली:
मग कौतिकने दोन घरं बदलली.
आणि वहिनीने चहा टाकला, गाळला, पुढे केला,
त्याला लागली चार पानं,
कारण साखर घालायची राहिली होती
आणि दोघंही ते बोलले नाहीत.

गंगेवरची संध्याकाळ तीनदा लिहिली.
दिवे, पायऱ्या, घंटा. तीनदा फाडली.
कौतिक त्या दिवशी मान खाली घालून चालला होता.
त्याला दिसली ती कुणाचीतरी
एकटी ओली चप्पल.
तेवढी ठेवली.

पण चौक?
पोलीस आणला, त्याने शिटी मारली, कुणी थांबलं नाही.
एका म्हातारीचा हात त्याच्या हातात दिला,
ती म्हातारी उगाच बोलायला लागली.
एकदा तर सरळ ट्रकखाली घातला.
प्रकरण संपलं. चहा प्यायले.
कप विसळताना लाज वाटली;
प्रेसमध्ये असला ताव मी पहिला बाजूला काढला असता.

काल पहाटे चारला, लाइट गेलेले,
मेणबत्तीत काही सुचेना म्हणून
एक ओळ मोकळी सोडली.



भावाच्या दाराशी कौतिक उभा होता.
घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.
भाऊ म्हणाला, "ये."
कौतिकने हात पुढे केले
आणि ते रिकामे होते.

हे मी लिहिलेलं नव्हतं.
म्हणजे लिहिलं मीच, पण
डबा कुठे राहिला ते मला माहीत नाही.
त्या मोकळ्या ओळीत कुठेतरी.

सकाळी शेअर रिक्षाने द्वारकेला गेले.
काम काहीच नव्हतं.
उतरताना सुटे पैसे दिले,
आणि रिक्षावाला बघत असतानाच
वाकून सीटखाली पाहिलं.