तारांकित रकाना

लेइदाबाईंचा फोन तिसऱ्या दिवशीही आला.
"बटण दाबते. काही होत नाही.
लाल होत नाही, रागावत नाही,
नुसतं ऐकून घेतं."

कुरेस्सारेच्या पालिकेत, दुसऱ्या मजल्यावर,
जाळ्यांच्या परवान्याचा फॉर्म मी सांभाळते.
बाहेर खाडी गोठलेली.
तामबेट कॉफी ढवळत म्हणाला,
"ब्राउझर जुना असेल म्हातारीचा."
एवढ्या वाक्यावर आमच्याकडचे बरेच बग मरतात.
हा मेला नाही.

मी सगळं तिच्यासारखंच भरत होते:
गाव सॅर्वेचं, वय एकोणऐंशी, जाळी चार,
वैवाहिक स्थिती: विधवा.
फॉर्म प्रत्येक वेळी निमूट पुढे जायचा.

मग फॉर्मच्या दाराशीच कान लावून बसले.
क्लिक वर येतो, इनपुट वर येतो,
घराघरांतून धूर यावा तसे सगळे येतात.
'इनव्हॅलिड' येत नाही.
तो जिथे दुखतं तिथेच उमटतो
आणि तिथेच विरतो.
खाडीच्या बर्फात पांढरे बुडबुडे अडकलेले असतात ना,
नाण्यांच्या चळतीसारखे, एकावर एक,
तसं काहीतरी.

शेवटी मीच फोन केला.
"पहिल्यापासून सांगा, काय काय केलंत?"
"आधी विवाहित निवडलं.
त्याचं नाव लिहिलं.
मग मुलगी म्हणाली, आई, ते आता बदलायला हवं.
मग बदललं."

ही पायरी
मी एकदाही चढले नव्हते.

विवाहित. एवाल्ड. विधवा.
ऐकणाऱ्या ओळीत तिसऱ्या जागी ट्रू लिहिलं,
म्हणजे वर येण्याची वाट पाहू नकोस,
खाली जातानाच गाठ.
बटण दाबलं.
कन्सोलवर एकच रकाना बोलला:
जोडीदाराचे नाव.
दिसतो: नाही. मजकूर: रिकामा. आवश्यक: हो.

लायब्ररी रकाना लपवते,
लपवताना आतली अक्षरंही पुसते,
पण तारा काढायचा विसरते.
म्हणून फॉर्म अडून बसतो,
पडद्यावर नसलेल्या जागी
पुसलेलं नाव मागत,
आणि कुठे बोट ठेवावं
हे त्यालाही सापडत नाही.

दुरुस्ती एका ओळीची. शुक्रवार, चार वाजून दहा.
तामबेटने पाहिली, म्हणाला, "एवढंच?"

साडेचारला लेइदाबाईंचा अर्ज आला.
सगळे रकाने वैध.
खाली शेऱ्यात, जिथे कुणी कधी काही लिहीत नाही,
'चारही जाळी एवाल्डने विणलेली आहेत.
एक मी. पण ते त्याला माहीत नव्हतं.'

"चार आणि एक पाच," तामबेट म्हणाला.
"शेऱ्यालाही तपासणी लावू या का?"

मी म्हटलं, राहू दे.