नाहीच्या चौकोनात

ऑगस्टात हंट्सविलचं डांबर बुटाला चिकटतं.
अशाच एका दुपारी टायरच्या दुकानात एक बाई आली,
बिल्ला उघडून मिटला,
विचारलं, लॉवेल हॅस्किन्सना किती वर्षं ओळखता?

सोळा.
हात पुसले मी. नखांतलं वंगण तसंच राहिलं.

त्यानेच माझं नाव लिहिलं होतं फॉर्मवर,
चांगलं ओळखणाऱ्यांच्या रकान्यात.
आणि ओळखतो मी. तीच तर पंचाईत.

कधी नशा करताना पाहिलंत त्यांना?
डॉक्टर विचारतो ना, भूक लागते का,
तसा आवाज.

टेनेसी नदी. काठाला ओढलेली बोट.
एकवीस वर्षांचा लॉवेल, ओले पाय,
गांजाची विडी माझ्या हातात देत समजावतोय,
रॉकेटचं नाक तापून लाल होतं
तरी वितळत का नाही.
त्या उन्हाळ्यात आठदहा वेळा. मग पानं झडली,
तो कॉलेजात परतला, विषय संपला.

एवढंच सांगितलं मी.
वाटलं, त्यानेही सांगितलं असणार.
पेन थांबलं तिचं, अगदी एवढंसं.
वर पाहिलं नाही तिने,
पण दुकानातला पंखा मला एकदम ऐकू यायला लागला.

नोव्हेंबरात क्लिअरन्स नाकारल्याचं पत्र.
माझ्याच अंगणात, पिकअपमध्ये बसून दाखवलं त्याने.
गांजाला दीड ओळ.
बाकी दोन पानं एका फुलीवर,
नाहीच्या चौकोनात मारलेल्या,
आणि मुलाखतीत तिची पुन्हा कड घेतली त्यावर.

खिळ्याने टायर मरत नाही, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.
खिळा काढता येतो, ठिगळ लावता येतं.
हवा गेल्यावर तसंच दामटलं, की मरतो.
त्याला मात्र हे सांगितलं नाही.
सगळ्याच गोष्टी सगळ्यांना सांगायच्या नसतात,
असं म्हणणार होतो, आणि जीभ चावली.

आता तो पंपांच्या कारखान्यात नकाशे काढतो.
आकाशाकडे बघत नाही, असं काही नाही. बघतो.
परवा चाकं बदलून घ्यायला आला,
पैसे मोजून दिले, पावती घडी करून खिशात ठेवली
आणि म्हणाला, ड्यूई,
आधी फोन करून सांगितलं असतं तुला,
तर बोलला असतास का माझ्यासाठी खोटं?

जॅक खाली घेत होतो मी.
हळूहळू घ्यावा लागतो तो.
घेत राहिलो.