पावशेराचं माप

बाजाराच्या दिवशी गल्ल्याशी बसायचं
म्हणजे कोणीतरी सतत बोलत असतं.
दोन किलो साखर, तेलाचं पाकीट,
लेकराचं बोट बरणीतल्या गोळ्यांकडे,
आणि फळीवर एकाच वेळी सहा हात.

तो आला तेव्हा मी नवीन होते.
गल्ल्याशी अकरावा दिवस.
इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन,
वीस रुपयांचा काडेपेट्यांचा पुडा, पाचशेची नोट.
मी चारशे ऐंशी मोजून दिले.
मग तो हसला,
"अरे, वीस आहेत ना माझ्याजवळ!
हे घे तुझे पैसे, माझी नोट दे वापस."
आणि बोलत राहिला.
आंबिया बहाराचा भाव, नागपूरचे व्यापारी,
माझं गाव कोणतं, बाप काय करतो.
दुमडलेला गठ्ठा माझ्या हातात, नोट त्याच्या,
आणि वर विसाची एक कोरी करकरीत,
जणू खालच्या सगळ्यांची हमी घेऊन आलेली.

गाडीचा आवाज वरुडच्या रस्त्याला विरला
तेव्हा मी गठ्ठा उलगडला.
शंभराच्या चार हव्या होत्या.
दोन होत्या.

रात्री मालक काही बोलले नाहीत.
पगाराच्या पाकिटावर पेन्सिलीनं वजाबाकी केली फक्त.
बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी शेषरावकाकांनी माळ्यावरून
लोखंडी पावशेराचं माप काढलं.
विजेचा काटा आल्यापासून ते बिनकामाचं होतं,
कडेला गंज, मधोमध सरकारी शिक्का.
"नोट आली का याच्याखाली.
डब्यात नाई टाकाची, बाकी देऊन होईपर्यंत.
अन् तोंडानं बोलाचं, पाचशे देल्ले.
त्यानं आयकलं पायजे, मागच्यानंही.
मधातच कोणी अदलाबदल म्हणला
तं पयले त्याचे पैसे फळीवर, मोजून.
मंग आपली नोट.
ताटात दोन भाज्या चालते पोरी,
हातात दोन हिशेब नाई."

"लोकायले वाटन ना काका, चोर समजते म्हणून."
काका डाळीच्या पोत्याचं तोंड शिवत होते.
सुतळी दातांनी तोडून म्हणाले,
"सगळ्यायचेच मोजले तं कोणालेच नाई लागत.
एखाद्याचेच मोजशीन, तं लागते."

शनिवारी संत्र्याच्या शेडवरच्या बाया येतात,
आठवड्याची मजुरी कमरेच्या पिशवीत,
नोटांना सालीचा वास.
ताराबाई उईके तेल घेऊन उभ्या.
मी मोठ्यानं म्हटलं, पाचशे दिले बाई,
माप ठेवलं, आणि त्यांच्या तळव्यावर मोजलं,
दोनशे, तीनशे, साडेतीनशे, साठ.
त्या हलल्या नाहीत.
"अजून एक डाव मोज."
मोजले. मागचा माणूस खाकरला.
"मले नोटा समजते, बेरीज नाई समजत," त्या म्हणाल्या.
"लोकं मुठीत कोंबते अन् पुढच्याले हाक मारते."
मग मूठ मिटली, पिशवीची नाडी दोनदा ओढली,
आणि जाताना मापावरून बोट फिरवलं,
देवाच्या पायावरून फिरवतात तसं.

तो पुन्हा आला, होळीच्या आधी.
शर्ट दुसरा, पेनं तीच.
पाचशेची नोट, काडेपेट्यांचा पुडा.
मी बाकी मोजली, मोठ्यानं, त्याच्या हातावर.
"अरे, वीस आहेत ना माझ्याजवळ!"
मी मापावर तळहात ठेवला. थंड होतं.
"आधी तुमचे सगळे फळीवर ठेवा भाऊ."
त्यानं मापाकडे पाहिलं, माझ्याकडे,
शेषरावकाकांकडे, जे मुद्दाम डाळच पाहत होते.
"राहू दे," म्हणाला.
पहिल्यांदाच त्यानं काडेपेट्यांची खरी किंमत दिली.

हात त्यानंतर कापले. आधी नाही.

त्या रात्री हिशेब लावला
तर पाच रुपये जास्त निघाले.
काका म्हणाले, सोड, पाचच तं आहे.
मी ते कागदात गुंडाळून मापाखाली ठेवलेत.
कोणाच्या तरी मुठीत
पाच कमी गेलेत आज.