खिडकी नंबर तीन

सोहारच्या मासळीबाजारामागे मनी एक्स्चेंजची ही काच.
खाली अर्धगोल भोक.
नोटा आत येतात, पावती बाहेर जाते.

याआधी अकरा वर्षं मी गुहागरला इंग्रजी शिकवलं.
आठवी ब. क्रियापदाला विचारा, म्हणायचो:
काय? उत्तर मिळालं तर ते प्रत्यक्ष कर्म.
कोणाला? ते अप्रत्यक्ष.
आणि इंग्रजीतलं 'मी' म्हणजे आपलं 'मला',
एवढं गळी उतरवायलाच एक सत्र जायचं.
पोरं माना डोलवायची
आणि पेपरात सगळं उलटं लिहायची.

इथे कुणाचं चुकत नाही.
पाठवणारा: यासीन मुकादम, खानसामा.
काय: साठ रियाल.
कोणाला: हुस्नबानू, मुक्काम दाभोळ.
शिक्का. वाक्य पूर्ण.

काल यासीनने भोकातून फोन आत सरकवला.
"सर, लेकीचं अडलंय."
पगाराचा दिवस, मागे चौदा माणसं, एसी नुसता घरघरतोय.
वहीचा फोटो. निळी शाई.
'फादर सेंट मी अ वॉच.'
वॉचखाली एक रेघ, मीखाली दोन. बरोबर.
त्याखाली, तिचं तिनेच रचलेलं:
'दे सेंट फादर.'
समोर मराठीत, बारीक अक्षरात:
कोणाला पाठवलं? फादरला. मग दोन रेघा ना?

माझीच युक्ती, तिच्या वहीत तोंडावर पडलेली.
आपला 'ला' भोळा.
घड्याळ मिळालं त्यालाही तोच लागतो,
विमानात बसवला त्यालाही तोच.

पावतीच्या पाठीवर लिहिलं:
इथे दुसरं काही पाठवलेलंच नाही.
जे पाठवलं ते फादर. एक रेघ. प्रत्यक्ष.

यासीनने ओठ हलवत वाचलं.
"म्हणजे मी घड्याळाच्या जागी?"
"व्याकरणात."
तो हसला. मग थांबला.
"आणि दोन रेघांचा कोण? मला पाठवलं, ते कोणाला?"
"ते वाक्यात नाहीये. कधी कधी लिहीत नाहीत."

मागून कुणीतरी खाकरलं.
मी पावती काचेला आतून टेकवून धरली,
त्याने फोटो काढला.
दुपारची वेळ, ऊन थेट काचेवर;
एक रेघेच्या त्या शब्दावर
माझाही चेहरा उमटला असणार.

पोरीला वाटेल, डाग आहे.

टोकन बावन्न.