बोटाचं म्हणणं

लेउवार्डनच्या दवाखान्यात, पहाटे तीनला,
सिब्रेन होएक्स्ट्राच्या तर्जनीला
लाल उजेडाचा एक चिमटा आहे,
आणि चिमट्याचं म्हणणं आहे की
माणूस कोरडा पडलाय, पाणी द्या.

आकडा एकवीस.
व्हेंटिलेटर श्वास ढकलतो, बोटातली लाट
फुगते, ओसरते. त्या फरकाचा हा आकडा.
सुई नाही, रक्त नाही, कुणाला दुखत नाही.
मारेइन, नवा डॉक्टर, पडद्यापाशी उभा,
हात सलाइनच्या पिशवीवर.
त्याला आकडे आवडतात.
मलाही आवडायचे.

मी म्हणते, थांब. आधी बोट बघ.
मेणासारखं. नखाखाली जांभळट.
दाबून सोडलं तर रंग परतेपर्यंत
मी सहा मोजते,
सात.

तिसऱ्या पंपातून नॉरॲड्रेनलिन जातंय,
पडत्या रक्तदाबाची बखोट धरून उभं असलेलं
कडक शिस्तीचं औषध.
ते हातापायांच्या वाटा आवळतं,
आणि रक्त आत राखतं, मेंदूसाठी, काळजासाठी.
बोटांचं काय, बोटं थांबू शकतात.
या बोटाला आपण विचारतोय
घरात पाणी किती आहे.

हा माणूस चाळीस वर्षं पंपघरावर होता,
समुद्रापेक्षा खालच्या जमिनीत.
मुलगी, हिल्त्ये, काल बिस्किटांचा डबा घेऊन आली
आणि उभ्या उभ्याच सांगत राहिली :
वादळाच्या रात्री बाबा कडेच्या चरांची दारं पाडायचे,
मग कुरणातली मोजपट्टी वाचायचेच नाहीत.
म्हणायचे, दार पाडल्यावर पट्टी
फक्त दाराबद्दल बोलते.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
इथे उलटं. आडात असेलही,
पोहऱ्याचा दोर आम्हीच आवळून धरलाय.

मागच्या फेब्रुवारीत, नऊ नंबरच्या खाटेवर,
मी पोहऱ्याचं ऐकलं होतं.
अर्धा लिटर. मग आणखी अर्धा.
पाणी मुरत होतं कुठेतरी,
म्हणतात तसं नव्हे, खरंच मुरत होतं,
आणि सकाळी नळीत गुलाबी फेस.
बाई भूगोल शिकवायच्या.
त्यांचा चष्मा दोन दिवस आमच्या खणात राहिला.

तर आम्ही खाट कलती करतो.
डोकं खाली, पाय वर.
त्याच्याच पायांतलं रक्त त्याच्याच काळजाला
मिनिटभर उसनं देऊन बघायचं.
मारेइन बरगड्यांमध्ये प्रोब टेकवतो,
पडद्यावर करडी झडप उघडते, मिटते, उघडते.
काळीज जेवढं फेकत होतं
तेवढंच फेकतं.
उसनंसुद्धा नको म्हणतंय.

खाट सरळ. उसनं परत.
चिमट्यावर अजून एकवीसच.

मारेइन पिशवी खुंटीवरून काढतो, जरा आपटूनच.
"मग हे यंत्र खोटं बोलतं?"
खोटं नाही रे. त्याला जे बोट दिलं
त्या बोटाचं सांगतंय.
तू चिमटा कानाला लाव हवं तर,
कान जरा उशिरा रुसतो.
पण रुसतोच.

साडेपाच. पंप दोन घरं खाली आलाय.
खिडकीबाहेर कुणीतरी सायकलीच्या सीटवरचं दव
बाहीनं पुसतंय.
मी सिब्रेनचा हात माझ्या दोन्ही हातांत धरते.
हा उपचार नाही, कुठल्या तक्त्यात बसत नाही,
जाड, दोरांनी घासून गुळगुळीत झालेला तळवा.
लाट उठते. बारीक.
चौदा. मग दोन आडव्या रेघा. मग पुन्हा चौदा.

सातला पाळी बदलेल, येणारी विचारेल, किती?
मी चौदा लिहिते,
आणि शेजारी, आकड्याहून जरा ठळक :
हात गार.