किटलीतले मासे

खालच्या तळ्याशी ओर्विल थांबला.
लगेच बसला नाही.
काठी रोवून वर बघत राहिला,
चढणीने त्याच्याकडून काही उसनं नेलं असावं
आणि परत करायला विसरली असावी, तसा.
मग गुडघ्याला म्हणाला, ठीक आहे.
आम्हाला काहीच म्हणाला नाही.

ग्रँटने बापाचा तंबू ठोकला,
लागतात त्याहून चार खुंट्या जास्त मारून.
मी त्याच्या पातेल्यात घेवडा चढवला.
वायोमिंगच्या या उंचीवर पाणी पटकन उकळतं
आणि शिजत मात्र काही नाही,
हे मी, सपाट नेब्रास्काची लेक, लग्नानंतर शिकले.

"एक आणा," ओर्विल म्हणाला.
"साफ करू नका. पोट माझ्यासाठी ठेवा."

वर जायला चार तास.
एल्डन दर वळणाला विचारत होता, अजून किती.
जून, तेरा वर्षांची, काहीच विचारत नव्हती
आणि पाठीवर तेच जास्त जड झालं.
स्प्रूस ठेंगणे होत होत गुडघ्याशी आले,
मग संपले.
मग नुसते दगड, आणि दगडांत शीळ घालणारं काहीतरी,
बघायला गेलं की तोही दगडच.

याच वाटेने एकोणीस वर्षांचा ओर्विल
दोन खेचरं घेऊन चढला होता.
खेचरांच्या दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या,
किटल्यांत ट्राउटची पिल्लं,
बोटाच्या पेराएवढी.
खेचर चालतं तोवर पाणी डुचमळतं,
डुचमळतं तोवर पिल्लं जगतात.
म्हणून तो थांबलाच नाही. जेवला चालता चालता,
आणि बाकीचंही चालता चालताच,
हे तो पाहुण्यांसमोर हमखास सांगतो.
थांबला फक्त ओढ्यांपाशी, पाणी बदलण्यापुरता.
त्याआधी त्या तळ्यात मासा नव्हता,
बर्फ मागे सरकलं तेव्हापासून कधीच.

तळं दिसलं तेव्हा कोणी ओरडलं नाही.
पलीकडच्या काठाला ऑगस्टातही बर्फाचा एक मळका तुकडा,
धुवायला टाकून राहून गेल्यासारखा.
वारा पडला.
पाण्यावर वर्तुळं उठू लागली,
एक, मग तीन, मग मी मोजायचं सोडलं.

गाठ आवळण्याआधी ग्रँट दोरा ओठांत ओला करतो,
हुबेहूब ओर्विल. हे त्याला सांगायचं नसतं.

जूनला तिसऱ्या फेकीत लागला.
जबड्याखाली ती तांबडी रेघ,
कोणी लाल पेन्सिलीने चूक दाखवावी तशी.
तिने आधी हात पाण्यात बुडवले, मग त्याला धरलं.
कोणी शिकवलं कोण जाणे.
"हा आजोबांचा?"
मुठीत मावेल असा दगड मीच शोधून दिला.
एल्डनने पाठ फिरवली.
दोन ठोके.
नंतर ती बराच वेळ हात धूत बसली,
आणि पुढचे जे लागले ते सोडून दिले,
एकेक, घाई न करता.

उतरताना मासा ओल्या गवतात,
गवत माझ्या टोपीत.

ओर्विलचा चाकू उघडाच होता.
पोट फाडलं, आतली पिशवी तळहातावर उलटी केली,
चष्मा कपाळावर सरकवला
आणि वाचू लागला, सकाळचा पेपर वाचतो तसा,
मागच्या पानापासून.
"गोगलगाय. गोगलगाय. अळी कसलीशी.
आणि हे बघ."
पंखांच्या मुंग्या. काळ्या. पन्नासेक असतील.
"या वर नसतात. या इथल्या.
दुपारी दरीतून वारा चढतो ना,
तो नेतो."

एल्डनने आजोबांच्या बाहीवरची एक टिपली.
पंख होते तिला.
बोटावर घेऊन उभा राहिला.
पण संध्याकाळी वारा उलटा वाहतो, वरून खाली.

"उद्या," ओर्विल म्हणाला. "दुपारी."

घेवडा अजून शिजला नव्हता.