चाळणी

तासगावात बेदाण्याच्या शेडवर वीज गेली,
चाळणी थांबली, पट्टा थांबला.
हौसाक्का बोटांनीच निवडत राहिली :
हिरवा, लांब एका पाटीत,
काळा, बारका, फुटका दुसरीत.

दिलशाद बारावीची. मोबाइलच्या उजेडात
धड्यातली गोष्ट मोठ्यानं वाचत होती.
होडी भरलेली, समुद्र खवळलेला,
लंगड्या आचाऱ्याला पाण्यात ढकलतात
आणि लेखक शांतपणे लिहितो :
सबळ तो टिकतो, हा निसर्गाचा नियम.

"ह्यो लिव्हणारा," हौसाक्का म्हणाली,
"होडीत हुता का पाण्यात?"

दिलशादनं पान उलटलं. तिथं नव्हतं.
गाइडातही नव्हतं.
प्रश्न एवढाच : नियम सोदाहरण स्पष्ट करा. गुण पाच.

"आन् ह्या चाळणीची भोकं
द्राक्षाच्या येलानं पाडली व्हय?"
कुणी हसलं नाही. मुकादम दारातच होता.

वीज आली. पट्टा खडखडत सुटला.
काळ्या पाटीतले चार दाणे
हौसाक्कानं पोरीच्या तळहातावर ठेवले.
दिलशादनं ते दाढेखाली धरले
आणि उत्तर लिहायचं सोडून
आचाऱ्याचं नाव शोधत बसली,
पहिल्या पानापासून.

गोष्टीत त्याला नावच नव्हतं.